सावलीतल्या करवती

सावली हे एखाद्या गावाचे नाव असू शकते, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. गुजरातमध्ये, बडोद्याच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर हे तालुक्याचे गाव आहे. मराठी माणसाला नाव ऐकताच झाडाखाली टेकल्यासारखे वाटते. गुजरातीत सावलीला छांयडो म्हणतात, त्यामुळे तिथल्या लोकांना त्या नावात झाड दिसत नाही. आपल्याला दिसते.

गावाचे आपल्याशी नाते मात्र नावापुरते नाही. १७३२ साली डाकोरला पिलाजीराव गायकवाडांचा दगाफटक्याने खून झाला, तेव्हा त्यांच्या माणसांनी त्यांचा देह सावलीला आणला आणि अंत्यसंस्कार तिथे केले. बडोद्याच्या मराठी राज्याचा पाया घालणारा माणूस या मातीत विसावला आहे. आज त्याच तालुक्यात मंजुसरची औद्योगिक वसाहत आहे. दिल्ली मेट्रोचे डबे जिथे बनले, तो कारखानाही याच तालुक्यातला.

माझी आते लग्न होऊन बडोद्याच्या दांडिया बजारात गेली, त्याला साठहून अधिक वर्षे झाली. तिचा थोरला मुलगा, माझा आतेभाऊ, कलाभवनात शिकला आणि एका कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात छत्तीस वर्षे काढून निवृत्त झाला. सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलेल्या ज्या कलाभवनात दादासाहेब फाळके फोटोग्राफी शिकले, तेच हे कलाभवन. पुढे ते महाराजा सयाजीराव विद्यापीठाची इंजिनिअरिंगची शाखा झाले. निवृत्तीनंतर दादाने सावलीला छोटे घर बांधले आणि घरामागे पत्र्याची एक खोली. गेल्या डिसेंबरात मी त्याच्याकडे चार दिवस राहिलो. "चल, तुला माझं देवघर दाखवतो," म्हणाला आणि त्या खोलीत घेऊन गेला.

आत अकरा चेनसॉ होत्या!

चेनसॉ म्हणजे पेट्रोलवर चालणारी झाडे कापायची करवत. आमच्या वाड्यावर तिला नुसतेच 'मशीन' म्हणतात. दादाने त्या सॉ मिलवाल्यांकडून, लाकूड ठेकेदारांकडून आणि भंगाराच्या दुकानांतून किलोच्या भावाने जमवल्या आणि एकेक करून चालू केल्या. पण मी जो थबकलो तो संख्येमुळे नव्हे. त्या ठेवल्या होत्या त्या पद्धतीमुळे थबकलो. का, ते सांगण्यापूर्वी मला एक कबुली दिली पाहिजे.

१६ मे २०२१. तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले, तो रविवार कोणी गोवेकर विसरणार नाही. दुसऱ्या रात्री तेच वादळ गुजरातच्या किनाऱ्यावर जाऊन आदळले. आमच्या फोंडा तालुक्यातल्या घरासमोर फणसाचे झाड वाटेवर आडवे पडले. वीज नाही, फोन नाही, अग्निशामक दलाची माणसे कुठे कुठे पुरणार? मला आठवले, आपल्याकडे मशीन आहे. तीन वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली, दोनदा वापरलेली आणि नंतर जिन्याखाली गोणपाटात गुंडाळून टाकलेली. टाकीत जुने पेट्रोल तसेच. चेनवर गंज. बाजूला शीतपेयाच्या बाटलीत तेल मिसळलेले पेट्रोल, तेही तेव्हाचेच.

आमच्याकडे कुळागरात कामाला येणारा माणूस मदतीला धावून आला. मशीन सुरू होईना. झाली तरी बंद पडे. शेवटी ती बंद पडू नये म्हणून त्याने स्क्रू पिळून रेस वाढवली. त्यामुळे झाले असे, की बोट काढले तरी चेन फिरतच राहिली. चेन बोथट, म्हणून तो अंगाचा भार टाकून दाबत होता. फांदी एकदम तुटली आणि मशीन तशीच खाली येऊन त्याच्या मांडीवर बसली. बावीस टाके पडले. पुढचे चार महिने तो माडावर चढू शकला नाही. त्याच्या घरी पैसे दिले, औषधपाणी पाहिले, सगळे केले. लोक म्हणाले, वादळाचे दिवस, मशीनचे काम, असे व्हायचेच. काही जण म्हणाले, त्यानेच सांभाळायला हवे होते.

मीही बरेच दिवस तसेच समजत होतो. सावलीच्या त्या खोलीत उभा राहिलो आणि लक्षात आले, की तो अपघात वादळाच्या दिवशी घडलाच नव्हता. मी ती मशीन न पुसता, न रिकामी करता जिन्याखाली ढकलली, त्या दिवशीच तो घडला होता. त्या बिचाऱ्याच्या मांडीपर्यंत पोचायला त्याला तीन वर्षे लागली, एवढेच.

आता दादाची खोली पाहा. समोरच्या भिंतीवर पांढरा रंग दिलेला प्लायवूडचा मोठा फळा. त्यावर प्रत्येक हत्याराची बाह्याकृती काळ्या रंगाने भरलेली आणि त्या आकृतीवरच ते हत्यार टांगलेले. कारखान्यात याला शॅडो बोर्ड म्हणतात. सावलीचा फळा! एखादी वस्तू उचलली की मागे तिची काळी सावली उरते आणि दारातूनच कळते, काय जागेवर नाही ते. जपानी कारखान्यांतून आलेली पाच 'एस'ची शिस्त आता आपल्याकडेही कारखानोकारखानी भिंतीवर लिहिलेली असते: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते काढणे, हवे ते जागेवर ठेवणे, पुसणे, त्याची रीत बांधणे आणि ती रीत अंगवळणी पाडणे. आपल्या आज्या पितळेची भांडी मांडणीवर लावायच्या, तेव्हा यातले काय करत नव्हत्या?

फळ्याखाली कमरेच्या उंचीवर लाकडी फळी. सगळ्यात जड मशीन तिथे, हलक्या वर. कारण जड मशीन डोक्यावरून उतरवताना हात निसटतो. प्रत्येकीखाली पत्र्याचा ट्रे, कारण चेनला वंगण देणारे तेल थोडेथोडे झिरपतेच. एकाही मशीनवर चेन नाही. चेन ज्या पट्ट्याच्या कडेने फिरते तो बार वेगळा काढून, खोबणीतला भुसा कोरून, खिळ्याला टांगलेला. चेन मिठाईच्या गोल डब्यांत, तेलात बुडवून. डब्यावर कागद चिकटवलेला: दुव्यांचे माप, जाडी आणि बारच्या खोबणीत बसणाऱ्या कड्या किती. ही तीन मापे जुळली नाहीत, तर एकीची चेन दुसरीला चालत नाही. कानशी कापडाच्या कप्प्यांत वेगवेगळ्या, एकमेकींवर घासून बोथट होऊ नयेत म्हणून. ०.३२५ इंची चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते, हे तो बाराखडी म्हणावी तसे सांगत होता.

"पेट्रोल कुठे?" मी विचारले.

"घरात? वेडा की काय तू!" दादा म्हणाला. पेट्रोल बाहेर, पत्र्याच्या कुलूपबंद कपाटात, धातूच्या कॅनमध्ये आणि तेही दोन-चार दिवसांना पुरेल एवढेच. काम संपले की टाकी रिकामी करायची, मग इंजिन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचे, म्हणजे कार्बोरेटरमध्ये थेंब राहत नाही. ही गोष्ट पूर्वीही करायला हवी होतीच, पण आता अधिकच. कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पाणी वाढले की ते इथेनॉलसकट तळाशी बसते. आतल्या रबरी पडद्यांनाही ते मानवत नाही. बडोद्याच्या कोरड्या हवेत दादा एवढे जपतो, तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणाऱ्या आपण गोवेकरांनी किती जपायला हवे? आपल्याकडे तर कुंभारीण माशी सायलेन्सरच्या भोकात मातीचे घर बांधून मोकळी होते. मशीन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणेही वाईटच. आत घाम सुटतो आणि गंज चढतो.

पण मला सगळ्यात शहाणपणाची वाटली ती एक अगदी साधी गोष्ट. प्रत्येक मशीनच्या पुढ्यात, तिला झाकून टाकेल असा, मांड्यांना बांधायचा जाड संरक्षक पडदा आणि हेल्मेट टांगलेले होते. ते हातात घेतल्याशिवाय मशीनपर्यंत हातच पोचत नाही. मी पाहत राहिलो. आमच्या माणसाच्या मांडीवर असा एक पडदा असता तर? असा पडदा मिळतो, हेदेखील मला ठाऊक नव्हते. दादा म्हणाला, "अरे, माणसाला आठवण राहत नाही. म्हणून भिंतीला आठवण ठेवायला लावायची."

या यंत्राचा इतिहासही विलक्षण आहे. त्याची सुरुवात झाडापासून नव्हे, माणसाच्या हाडापासून झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटिश डॉक्टरांनी, अडलेल्या बाळंतपणात जागा करण्यासाठी आणि हाड कापण्यासाठी हाताने ओढायची बारीक साखळी करवत वापरात आणली. १८३० च्या सुमारास बर्नहार्ड हाइने या जर्मन वैद्याने हँडल फिरवून चालणारे हाडे कापायचे यंत्र बनवले. लाकूड कापायची विजेवरची साखळी करवत अँड्रिआस श्टीलने १९२६ साली जर्मनीत बनवली. पण तेव्हाच्या चेनचे दात वारंवार बोथट व्हायचे. जोसेफ कॉक्स या अमेरिकन लाकूडतोड्याने १९४६ साली एका बुंध्यात लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती दोन्ही बाजूंना जबडा चालवत सहज आत शिरत होती. तिच्या जबड्यावरून त्याने चेनचे दात घडवले. आजची चेन मूळची तीच. म्हणजे ज्या यंत्राने अरण्ये उजाड झाली, त्याचे दात अरण्यातल्या अळीकडूनच उसने घेतलेले आहेत.

दादाच्या संग्रहातली सर्वांत जड मशीन श्टीलची ०७० आहे, सुमारे १०६ सीसीची. आपल्या मोटरसायकलींएवढे इंजिन! तिला अचानक उसळी आली तर चेन थांबवणारा ब्रेक नाही. ती तो चालवत नाही, चालवू देतही नाही. तिच्या पाटीवर लाल अक्षरांत गुजरातीत आणि मराठीत लिहिले आहे: फक्त पाहण्यासाठी. संग्रह करणे म्हणजे सगळे वापरात ठेवणे नव्हे, हे त्याला कळते. काय वापरायचे आणि काय नुसते जपायचे, याचा निर्णय म्हणजेच संग्रह. नाहीतर ती अडगळ.

इथे काही वाचक विचारतील, की झाडांचा काळ असलेल्या यंत्रावर हे कसले लेखन? गोव्यात डोंगर बोडके होत असताना करवती जपायच्या गप्पा? प्रश्न रास्त आहे. मीही झाडांच्याच बाजूचा. पण वस्तुस्थिती अशी, की ही मशीन आता ऑनलाइन मागवली की घरपोच येते. माडावर चढणारा पाडेली मिळत नाही, लाकूड फोडणारा मिळत नाही, म्हणून भाटकार आणि कुळागरवाले ती घेतात. आपल्या घराघरांत ती जिन्याखाली, गोठ्यात, पंपाच्या खोपीत, मुलांच्या हाताला लागेल अशी पडलेली आहे. घेताना आपण किंमत विचारली, बार किती इंची ते विचारले. ठेवणार कुठे, हे कोणीच विचारले नाही.

आणि खरे सांगायचे तर, झाड वाचवण्याचा रस्तासुद्धा या खोलीतूनच जातो असे मला वाटू लागले आहे. दादाच्या दाराला कुलूप आहे आणि दाराशी दोरीने बांधलेली एक वही आहे. कोणती मशीन, कोणत्या तारखेला, कोणत्या कामासाठी बाहेर काढली, किती वेळ चालली. 'वीज तारांवर आलेली कडुनिंबाची फांदी.' 'वाळलेला आंबा, मालकाकडे परवानगीचा कागद पाहिला.' कागद पाहिल्याशिवाय तो मशीन देत नाही, शेजाऱ्यालाही नाही. आपल्याकडे झाडांच्या रक्षणाचा कायदा १९८४ पासून आहे. झाड तोडायचे तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. पण कायदा झाड मोजतो. करवत कोणाच्या घरात आहे, ती रविवारी सकाळी कोण घेऊन गेला, हे कोण मोजणार? फिलिपिन्समध्ये २००२ साली खास चेनसॉसाठी कायदा झाला. तिथे ती बाळगायची तर नोंदणी करावी लागते. आपल्याकडेही तसे व्हावे, असे माझे मत आहे. होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या दाराशी एक वही बांधायला कोणाची हरकत आहे?

सांस्कृतिक म्हणून आपण ज्याला मानतो, त्यात खंडेनवमी येते. त्या दिवशी आपण कोयता, कुऱ्हाड, स्कूटर, कॉम्प्युटर सगळ्यांना झेंडूची फुले वाहतो. माझ्या त्या गंजक्या मशीनलाही तीन वर्षे मी नेमाने फूल वाहिले होते! गोणपाटावरूनच. पूजा झाली आणि पुसणे राहिले. आपले थवय कामावरून सुटताना रंधा पात्यावर ठेवत नाहीत, कुशीवर ठेवतात, पाते जमिनीला लागू नये म्हणून. माझ्या मते खरी शस्त्रपूजा ती. ती रोजची आहे, वर्षाची नाही. फूल वाहायला श्रद्धा लागते, पण दात साफ करायला हत्याराविषयी आणि ते उद्या हातात घेणाऱ्या माणसाविषयी आदर लागतो. आपल्याकडे त्या माणसाचा विचार कमी पडतो, कारण बहुतेकदा हत्यार मालकाचे असते आणि मांडी मजुराची.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्या खोलीच्या उंबऱ्यावर चहा पीत बसलो होतो. दादाला आता सत्तरी उलटून गेली. मुले परदेशात. "माझ्यामागे हे सगळं परत भंगारवाल्याकडे जाणार," तो म्हणाला, "ज्या भावाने आणलं त्याच भावाने." आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच त्याने प्रत्येक मशीनचे एक पान लिहून ठेवले आहे: कुठून आली, काय बिघडले होते, काय बदलले, कोणते सुटे भाग जुने आणि कोणते नवे. मी त्याला बाणावलीच्या 'गोवा चित्र'विषयी सांगितले. व्हिक्टर ह्युगो गोम्स यांनी गोव्यातली शेतीची आणि घरकामाची जुनी अवजारे गोळा करून उभे केलेले ते संग्रहालय. लोकांनी अडगळ म्हणून टाकलेल्या वस्तू तिथे आज किती बोलतात! नांगर, घाणे, गाडे यांची पाळी आली, तशी उद्या या यंत्रांचीही येईल. विसाव्या शतकात अरण्ये कशी पडली, हे नातवंडांना सांगायचे तर ती करवत दाखवावीच लागेल. पण नोंद नसलेली वस्तू संग्रहालयातही मुकीच राहते. ज्यांच्याकडे असे काही आहे त्यांनी, वस्तू सांभाळणे होवो न होवो, ते एक पान तरी लिहून ठेवावे.

गोव्याला परतल्यावर मी पहिले काम केले ते जिन्याखालचे. मशीन उघडली, रॉकेल लावून पुसली, गंजलेली चेन टाकून दिली. रबरी पडदे बदलून घेतले, ब्रेक तपासून घेतला. भिंतीवर लहानसा फळा ठोकला आणि आकृत्या काढल्या. मांडीचा पडदा मागवला आणि मशीनच्या पुढ्यात टांगला. मग ज्याला लागले होते त्याला बोलावले आणि म्हटले, "बाबा, चूक माझी होती. तुझी नव्हे." हे वाक्य त्याला चार वर्षांपूर्वीच मिळायला हवे होते. तो थोडा संकोचला. मग फळ्याकडे बघत म्हणाला, की कोयत्यासाठीही एक जागा काढा, तो दाराआड उभा असतो, कोणाच्या तरी पायावर पडेल.

काढली. तुमच्याही दाराआड काहीतरी उभे असेल. पुढच्या खंडेनवमीची वाट न बघता या रविवारीच ते बाहेर काढा, पुसा आणि त्याला त्याची जागा द्या.